अडीचशे शब्दांत आईचे ऑपरेशन

विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात नाव, पत्ता, गुण, उत्पन्नाचा दाखला असे सगळे भरून झाले की शेवटी एक पान येते. त्यावर ‘पूरक प्रश्न’ असतात. पूरक म्हणजे असले तर असले, नसले तर नसले, असे नावावरून वाटेल. प्रत्यक्षात गुणांच्या चाळणीतून जे उरतात त्यांतले आत कोण जाणार, हे बहुतेक वेळा याच पानावर ठरते. आणि त्या पानावर हमखास एक प्रश्न असतो : ‘तुमच्या आयुष्यातील एखाद्या मोठ्या अडचणीबद्दल लिहा व तिच्यावर तुम्ही कशी मात केलीत ते सांगा. शब्दमर्यादा २५०.’

हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे. आणि काही अंशी माझ्याविरुद्धही आहे, कारण त्या प्रश्नाचे उत्तर एका मुलीकडून मी लिहवून घेतले.

मुलगी बीड जिल्ह्यातल्या एका गावची. आईवडील ऊसतोड मजूर. दिवाळी झाली की नवराबायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घ्यायची, साखरपट्ट्यात जायचे, कोपी घालून राहायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचे, हा त्या घराचा वर्षाचा फेरा. मुलगी हंगामी वसतिगृहात राहून शिकली. बारावीला उत्तम गुण मिळवले. आमच्या संस्थेत आम्ही अशा मुलींना पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरायला मदत करतो. तिने एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठाचा अर्ज भरायचे ठरवले. तिथे गरीब विद्यार्थ्यांना पूर्ण फी माफ होते, पण अशा मोजक्या जागांसाठी देशभरातून अर्ज येतात. विद्यापीठाचे नाव सांगत नाही. त्यांनी काही जगावेगळे केले नाही. सगळेच करतात तेच केले.

तिने आपले उत्तर आधी मराठीत लिहून आणले होते. ते वहीबद्दल होते. नववीत असताना ती वसतिगृहातून काही आठवडे आईवडिलांकडे तोडीवर गेली होती. तिथे तिने एका वहीत रोजच्या खेपा, काट्यावरचे वजन आणि मिळालेले पैसे लिहायला सुरुवात केली. ती परत गेल्यावर वडिलांनी पावत्या जपून ठेवल्या, आणि हंगाम संपताना तिने सगळे जुळवून पाहिले. मुकादमाने चार खेपा कमी धरल्या होत्या. ती ते चार माणसांसमोर बोलली. मुकादम वडिलांना म्हणाला, ‘पोरगी लई शिकिवली व्हय?’ शेवटी दोन खेपा त्याने कबूल केल्या. दोन बुडाल्या. उचल फिटली नाहीच. तिचे उत्तर तिथेच संपत होते.

मी ते वाचले आणि म्हणाले, ‘छान आहे, पण हे पुरेसे वाटत नाही गं.’

का वाटले नाही? तर त्यात मात नव्हती. दोन खेपा बुडालेल्या होत्या. शिवाय मला माहीत होते की या घरात याहून ‘मोठी’ गोष्ट आहे. तिच्या आईची पिशवी काढलेली होती, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पाळीत पोट दुखते म्हणून ती गेली आणि डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. एक दिवस कामाला गेले नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग बाई पुढचे दुखणे एकदाच मिटवून टाकते. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच. आई हे मला आमच्या आरोग्य शिबिरात बोलली होती, मुलीसमोर नाही. मुलीला ते घरात राहून कळलेले होते, जसे घरातल्या मुलींना सगळे कळते.

मी म्हणाले, ‘ते लिही.’

ती म्हणाली, ‘ताई, ते आईचं हाय. माझं न्हाई.’

मैत्रिणींनो, एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला फेलिक्स बिस्टेकची व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे शिकवतात. ते पुस्तक १९५७ चे. सातांतले एक तत्त्व गोपनीयतेचे. त्यावर मी परीक्षेत पानभर लिहिले असणार आणि गुणही मिळवले असणार. त्या दिवशी एका अठरा वर्षांच्या मुलीने ते तत्त्व एका वाक्यात माझ्यासमोर ठेवले आणि मी ते बाजूला सारले. तिला समजावले, की हे आईच्या विरोधात नाही, व्यवस्थेच्या विरोधात आहे. ‘तू बोललीस तर इतरांचे प्रश्न पुढे येतील.’ आपल्या चळवळीतले सगळे चांगले शब्द मी त्या अर्जासाठी वापरले. तिने लिहिले. मी इंग्रजी केले. पिशवीचा त्या भाषेत एक लांबलचक वैद्यकीय शब्द झाला, जो आईला कुणी वाचून दाखवला असता तरी आपल्याबद्दल आहे हे तिला कळले नसते. शेवटी ‘या अनुभवातून मी खंबीर झाले’ असे वाक्य हवे होते. तेही मीच घातले.

तिला मुलाखतीला बोलावले. मुलाखत आमच्या कार्यालयातल्या संगणकावर झाली. समोर तीन जण होते. त्यांतल्या एका बाईंनी, आवाज फार मायाळू होता त्यांचा, विचारले, ‘आईच्या ऑपरेशनचा तुझ्यावर काय परिणाम झाला, ते जरा सांगशील?’ मी दाराशी उभी होते. मुलगी गप्प बसली. बराच वेळ. मग म्हणाली, ‘सॉरी मॅम.’ पुढच्या प्रश्नांची उत्तरे तिने दिली, पण मान वर केली नाही. तिची निवड झाली नाही.

निवड का झाली नाही ते मला सांगता येणार नाही. कदाचित इतर मुले सरस असतील. पण हा लेख निवड झाली नाही म्हणून लिहिलेला नाही. झाली असती तरी लिहायला हवा होता. फक्त तेव्हा लिहायचे मला सुचले नसते, ही खरी गोष्ट आहे. आम्ही पेढे वाटले असते आणि तिच्या उत्तराची प्रत पुढच्या मुलींना ‘नमुना’ म्हणून दिली असती.

आता त्या प्रश्नाकडे वळू.

‘मात कशी केली?’ या प्रश्नात फक्त भूतकाळ चालतो. अडचण होती, मी लढले, ती संपली, मी आता तुमच्या दारात उभी आहे. जे दुःख अजून चालू आहे त्याला त्या चौकटीत जागा नाही. उचल यंदाही फिटलेली नाही. बाप पुढच्या दिवाळीला पुन्हा जाणार. हे खरे उत्तर असले तरी ते कमी गुणांचे उत्तर ठरते. दुसरे असे, की त्यात ‘मी’ एकटीच चालते. कोपीतल्या दहा बायकांची गोष्ट सांगितली तर ‘यात तुझे वैयक्तिक योगदान काय?’ असे विचारले जाते. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे या प्रश्नात दोषी कोण, हे विचारलेले नसते. डॉक्टर, मुकादम, कारखाना, शासन, कुणाचेही नाव न घेता अडचण ही पावसासारखी आकाशातून पडलेली असावी लागते. ज्या बाईची पिशवी गेली तिची मुलगी ‘खंबीर’ झाली, एवढीच काय ती नोंद.

हे कुणाला माहीत नव्हते म्हणून विचारावे लागते, असेही नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक. आकडा शासनाच्या कागदावर आहे. ज्यांना ऊसतोड मजुराच्या मुलीची परिस्थिती समजून घ्यायची आहे त्यांनी तो कागद वाचावा. मुलीला तिच्या आईचे पोट उघडून दाखवायला सांगू नये.

‘पण हा प्रश्न तर वंचितांना संधी मिळावी म्हणूनच विचारतात!’ असे मला अनेकांनी सांगितले. तो मुळात कशासाठी जन्माला आला ते पाहू. ही पद्धत अमेरिकेतून आली. तिथल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या विद्यापीठांत शंभर वर्षांपूर्वी प्रामुख्याने परीक्षा पाहून प्रवेश मिळे. परीक्षेत ज्यूंची मुले पुढे येऊ लागली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये पाचांतला एक विद्यार्थी ज्यू होता आणि अध्यक्ष लॉवेल यांना ती संख्या जास्त वाटत होती. तेव्हापासून अर्जात ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ यांना महत्त्व आले. फोटो, शिफारसपत्रे, मुलाखती आल्या. १९२२ च्या हार्वर्डच्या अर्जात धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, आणि जन्मापासून तुमचे किंवा वडिलांचे नाव बदलले आहे का, असेल तर सविस्तर खुलासा करा, असे प्रश्न होते. जेरोम कॅराबेल या समाजशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सगळा इतिहास मांडला आहे. आडनावावरून जात ओळखणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला यातले काही नवीन वाटू नये. (आईचे माहेर हे तिथे मुलाला बाहेर ठेवण्यासाठी विचारले जात होते, हे मात्र मी बराच वेळ मनात घोळवत राहिले. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा निर्णय झाला. आईच्या नावाने दार उघडते की बंद होते, हे दारावर कोण बसले आहे यावरच ठरते म्हणायचे.)

म्हणजे ज्यांना नको आहेत त्यांना न सांगता गाळण्यासाठी हे हत्यार घडवले गेले. पुढे त्याच हत्याराने वंचितांना आत घेण्याचे कामही झाले, हे नाकारत नाही. पण २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याला बंदी केली, आणि त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक फट ठेवली : वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने स्वतः लिहिले, तर ते वाचायला हरकत नाही. मग काय झाले? विद्यापीठांनी पूरक प्रश्न बदलले. हार्वर्डने त्याच वर्षी पाच सक्तीचे छोटे प्रश्न आणले, प्रत्येकी २०० शब्दांचे. पहिलाच प्रश्न तुम्हाला घडवणाऱ्या जीवनानुभवांबद्दल. सारा लॉरेन्स कॉलेजने तर न्यायालयाचे वाक्यच प्रश्नात उतरवून त्यावर लिहायला सांगितले! म्हणजे जो अधिकार एका समूहाचा होता तो गेला, आणि त्याच्या बदल्यात त्या समूहातल्या प्रत्येक अठरा वर्षांच्या मुलाने एकेकट्याने आपली जखम दाखवावी, अशी सोय झाली. आपल्याकडे आरक्षण घटनेने दिलेले आहे. ते मागताना कुणाला रडून दाखवावे लागत नाही. जातीचा दाखला लागतो. आरक्षणावर ‘दाखला दाखवला की झाले’ अशी टीका करणाऱ्यांना मी सांगेन, की त्यातला मोठेपणा नेमका तोच आहे.

खासगी विद्यापीठे वाढत चालली आहेत आणि त्यांच्यातली बरीच हा अमेरिकी अर्ज जसाच्या तसा उचलत आहेत, म्हणून हा आपला प्रश्न आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ केली. तिथे उत्पन्नाचा दाखला पुरतो, निबंध लागत नाही. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्या निर्णयातून वगळलेली आहेत. तिथे फीमाफी ही त्यांची मर्जी, आणि मर्जी मिळवायची तर गोष्ट सांगावी लागते.

बरे, निबंधाने गरिबांना न्याय मिळतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठ आठ प्रश्न देते, त्यांतले चार निवडायचे, प्रत्येकी ३५० शब्द. तिथल्या २०१६ सालच्या साठेक हजार अर्जदारांचे सुमारे २,४०,००० निबंध स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासले. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निबंधाचा विषय आणि शैली यांचे घरच्या उत्पन्नाशी असलेले नाते, प्रवेशपरीक्षेच्या गुणांचे उत्पन्नाशी असते त्याहूनही घट्ट निघाले! परीक्षा श्रीमंतांच्या बाजूची म्हणून निबंध आणावा, आणि निबंध त्याहून श्रीमंतांचा निघावा. आश्चर्य नाही. मुंबई-पुण्यात असे निबंध घडवून देणारे सल्लागार बसलेले आहेत. ज्यांना परवडते त्यांची मुले सुटीतल्या समाजसेवेवर लिहितात. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडे विकण्यासारखे फक्त घर असते, म्हणजे घरातले.

स्त्रियांच्या चळवळीला हा मुद्दा नवा असू नये. कोणत्या बाईला कोणते प्रश्न विचारायचे, या प्रश्नावरच आपण उभ्या राहिलो. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर बलात्कार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर मोर्चे निघाले. त्यानंतर वर्षानुवर्षे आपण भांडलो : तिची पूर्वीची वर्तणूक विचारायची नाही, तिचे चारित्र्य काढायचे नाही. २००२ साली पुरावा कायद्यातले ते कलम गेले. दोन बोटांच्या तपासणीला न्यायालयाने २०१३ साली चूक ठरवले आणि २०२२ साली पुन्हा बजावले, की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. एका प्रश्नाला ‘विचारायचाच नाही’ म्हणायला चाळीस-पन्नास वर्षे लागली. मग त्याच आपण, न्यायालयात वकिलाला जे विचारू देत नाही ते प्रवेश समितीला विचारू देतो, कारण तिचा आवाज मायाळू आहे?

इथे एक सखी मला म्हणाली, ‘पण बायकांनी बोलावे असे आपणच म्हणतो ना? वैयक्तिक ते राजकीय, हे कुठे गेले?’ तिचे म्हणणे खरे आहे, म्हणून नीट उत्तर द्यायला हवे. आमच्या शिबिरात बायका गोल करून बसतात. एक बोलते, मग दुसरी बोलते. तिसरी म्हणते, माझंपण असंच झालं. बोलून झाल्यावर कुणाला गुण मिळत नाहीत आणि बोलली नाही म्हणून कुणाचे जेवण बंद होत नाही. त्यातून एक दिवस तहसीलवर मोर्चा जातो. वैयक्तिक राजकीय होते ते तिथे. अर्जात एकटी मुलगी अनोळखी माणसांना सांगते, तिचे दुःख दुसरीच्या दुःखाशी स्पर्धा करते, आणि वाचणाऱ्याने त्याचे काय करायचे याचे कसलेच बंधन वाचणाऱ्यावर नाही. इथे वैयक्तिक राजकीय होत नाही, विक्रीयोग्य होते.

मला मुक्ता साळवे आठवते. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांचे दुःख त्यात आहे. पण ती ‘आम्ही’ म्हणून लिहिते, दुःख कुणी दिले ते नाव घेऊन सांगते आणि धर्मालाच जाब विचारते. तो निबंध तिने शाळेत प्रवेश मिळावा म्हणून लिहिलेला नव्हता. प्रवेश आधीच मिळालेला होता. लिहिणे त्याच्यानंतर आले. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्या संस्थांनीही आपल्याकडे पाहावे. देणगीच्या प्रस्तावात ‘केस स्टडी’ जोडायची आपली सवय किती जुनी आहे! नाव बदलले की गोपनीयता पाळली, असे आपण मानतो. मी त्या मुलीला तिच्या आईची गोष्ट लिहायला लावली तेव्हा माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, कारण तो वर्षानुवर्षे तेच लिहीत आला होता.

वैशाखात मी त्यांच्या गावी गेले. आई आली होती तोडीवरून. ती माझ्याच वयाची आहे. मी तिला ताई म्हणते, ती मला ताई म्हणते. झाले ते सगळे सांगितले, तुला न विचारता लिहिले हेही सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, ‘किती जनांनी वाचलं आसंल?’ मी म्हणाले, चार-पाच तरी. मोठे प्राध्यापक असतात.

‘मंग त्यातल्या कुनी त्या डॉक्टरला इचारलं का?’

मी म्हणाले, नाही. ते प्रवेशासाठी वाचतात.

‘मंग कशाला वाचत्यात?’ ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

यावर काय करता येईल, ते आम्ही काही जणींनी बसून ठरवू लागलो आहोत. नुसते गुण पाहा, असे आमचे म्हणणे नाही. बारावीच्या गुणांत कोचिंग क्लासची फी मिसळलेली असते. पण परिस्थिती मोजायला मुलीचे तोंड उघडायची गरज नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यातून शिकून आलेल्यांना आणि मुलींना प्रवेशात काही जास्तीचे गुण मिळत. जिल्हा मागास आहे हे सरकारी आकड्यांवरून ठरे. ‘तुझ्या घरी काय झाले’ असे कुणी विचारत नसे. २०१७ साली एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रवेशातून ते गुण काढून टाकले गेले तेव्हा विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. अशी पद्धत इतर ठिकाणी का नको? आईवडील स्थलांतरित मजूर आहेत का, शाळा कोणती, शिकणारी घरातली पहिलीच का, हे दाखल्यांवरून कळते.

प्रश्न विचारायचेच असतील तर पुष्कळ आहेत. हा विषय का घ्यायचा आहे? शाळेत, गावात तू काय केलेस? अलीकडे काय वाचलेस, त्यातले काय पटले नाही? कॅलिफोर्नियाच्या आठांतही असे चांगले प्रश्न आहेत, आणि निवडायची मुभा आहे हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. उत्तर मराठीत चालले पाहिजे. कोण वाचणार, किती दिवस ठेवणार, निवड झाली नाही तर ते कागद नष्ट करणार की नाही, हे अर्जातच छापलेले हवे. दुसऱ्या माणसाच्या शरीराबद्दल, आजाराबद्दल, त्याच्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल लिहू नका, अशी सूचनाच हवी. आणि मुलीने स्वतःहून काही लिहिले असले, तरी मुलाखतीत तिथे बोट घालायचे नाही.

शिवाय पूरक प्रश्न एकाच बाजूने का असावेत? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली लैंगिक छळाविरुद्धचे नियम केले. तुमच्याकडची अंतर्गत तक्रार समिती मागच्या वर्षी किती वेळा बसली? सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत, असे त्याच नियमांत म्हटले आहे. तुमचे फाटक मुलींसाठी किती वाजता बंद होते, आणि मुलांसाठी किती वाजता? फीमाफीवर आलेल्या किती मुलींनी मधेच सोडले, आणि का? आम्ही हे प्रश्न मराठी-इंग्रजीत छापून विद्यापीठांना पाठवणार आहोत. शब्दमर्यादा २५०. उत्तरे आली तर याच पानांवर येतील. न आली तर कुणाकडून आली नाहीत तेही येईल. ज्या गटांना सामील व्हायचे असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे, आणि आपापल्या मुलींच्या अर्जांतले प्रश्न, उत्तरे नव्हेत, फक्त प्रश्न, सोबत पाठवावेत.

त्या मुलीने यंदा दुसऱ्या एका विद्यापीठाचा अर्ज भरला आहे. अडचणीचा प्रश्न तिथेही आहेच. तिने वहीचे लिहिले आहे, बुडालेल्या दोन खेपांसकट, आणि मुकादम काय म्हणाला तेही. इंग्रजी तिनेच केले. मला फक्त स्पेलिंग तपासायला दिले होते. ‘खेपा’ला शब्द सापडला नाही म्हणून तिने तो तसाच ठेवला आहे.